सुईच्या भोकांतला उजेड

माझं अक्षर चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. चौथीतून शाळा सुटली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की तुझ्या ओळी डोंगरावरून उतरणाऱ्या बकऱ्यांसारख्या खाली खाली जातात. त्या अजून तशाच जातात. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमले नाहीत, आणि कोणाला विचारावं तर आपण लिहितो हे सांगावं लागेल, तेवढं धाडस माझ्यात नाही. ब्लाउजच्या मापांशिवाय मी आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलं असेल तिथे माफ करावं.

सागाच्या भुशाचा वास मला अजून येतो. जुनं चामडं आणि कढवलेलं तूप यांचा वास एकत्र व्हावा तसा तो वास, कपड्यांत बसतो, भाकरीच्या पिठात बसतो, उशीत बसतो. उन्हाळ्याच्या दुपारी आमचं सगळं पहूर गाव उन्हानं मुकं झालेलं असायचं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे, केळीच्या बागांवरून येणारा वाराही दमून कुठेतरी टेकलेला असायचा, आणि अशा वेळी मागच्या पडवीतून पॉलिश पेपरचा आवाज येत राहायचा, खर्र, खर्र, म्हाताऱ्या माणसाच्या झोपेतल्या श्वासासारखा. तो आवाज म्हणजे आमचे हे, माझे यजमान. त्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, म्हणून हातानंही लिहीत नाही.

हे उंच, पण पाठीत वाकलेले. दुसऱ्यांकडे वाकून बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याची पाठ अशी होत असावी. डावा डोळा नेहमी थोडा मिटलेला. जेवताना ताटातल्या भाकरीकडेसुद्धा तसंच बघायचे, ती नीट उजेडात आहे की नाही हे ठरवत असल्यासारखं. बस स्टँडसमोर यांचा फोटो स्टुडिओ होता. चैत्र-वैशाखात लग्नांचा हंगाम लागला की पहाटे निघायचे आणि दिवेलागणीनंतर परत यायचे, शर्टावर हळदीची बोटं, केसांत अक्षतांचे तांदूळ, आणि अंगाला दुसऱ्यांच्या लग्नाचा वास. तो वास मला आवडायचा. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. आधी बारशी गेली, मग साखरपुडे गेले, शेवटी लग्नंही गेली. मांडवावर भुंग्यासारखे कॅमेरे उडवणारी पोरं जळगावहून यायला लागली. स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आलं. यांच्या हातातून माणसांचे चेहरे गेले आणि सातबाराचे उतारे आले. आधार कार्डाची झेरॉक्स काढताना हे त्यावरच्या फोटोकडे बघायचे आणि म्हणायचे, "हे काय फोटो झाले? चोर पकडल्यावर काढतात तसे." म्हणायचे आणि हसायचे. त्या हसण्याला आंबूस वास येतो आहे हे मला कळत होतं. पण मी विचारणारी बाई नाही.

तरुणपणी हे जळगावात ज्यांच्याकडे शिकले त्या उस्तादांकडे एक भला मोठा लाकडी कॅमेरा होता. तीन पायांवर उभा, पुढे पितळी भिंग, मागे दुधी काच, आणि दोन्हींच्या मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा काळा भाता. उस्ताद काळं कापड डोक्यावर घेऊन त्याच्यामागे उभे राहायचे, तेव्हा माणूस कुठे संपतो आणि कॅमेरा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, असं हे सांगायचे. वहीच्या पानाएवढी फिल्म त्याला लागायची, आणि तेवढ्या मोठ्या फिल्मवर पापणीचा केस न् केस उतरायचा. तो कॅमेरा यांच्या मनात राहून गेला होता, एखाद्याच्या मनात मोडलेलं लग्न राहून जावं तसा. एका पावसाळ्याच्या आधी दुकान लवकर बंद करून घरी आले, पाणीही न पिता म्हणाले, "मी तो कॅमेरा बनवणार." मला वाटलं, ताप आला असेल.

लाकूड मात्र विकत आणलं नाही. आमच्या ओसरीत बंगई होती. माझ्या लग्नात वडिलांनी दिलेली, सातपुड्याच्या सागाची रुंद एकसंध फळी, चार कोपऱ्यांना चार लोखंडी साखळ्या. दुपारचं काम आवरलं की मी त्या बंगईवर बसायचे, पायाचा अंगठा जमिनीला टेकवून हळूच झोका घ्यायचे, आणि साखळ्या कुईं कुईं करत माझ्याशी बोलायच्या. माझं माहेर शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे जायचं तर बस बदलत बदलत सगळा दिवस जातो. बंगईवर बसलं की एकही बस बदलावी लागत नसे.

"असा जुना, सुकलेला साग आता मिळत नाही," हे फळीवरून हात फिरवत म्हणाले. "नवं लाकूड पावसात फुगते. फुगलं का सांधा सुटते, अन् सांधा सुटला का उजेड आत."

मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे हो म्हणाले, असं आमच्या घरात धरलं जातं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कमलअक्का वाटीभर साखर मागायला आल्या आणि ओसरीत थबकल्या. "का वं, बंगई कोठी गेली?"

"तिचा कॅमेरा होतो आहे," मी सांगितलं.

अक्का छताकडे बघत राहिल्या, मग पडवीतल्या आवाजाकडे कान देऊन म्हणाल्या, "माह्या घरचा दारू पेतो, तं मले वाटे मीच नशिबाची फुटकी. तुह्या घरचा तं फर्निचर पेतो, माय."

आम्ही दोघी हसलो. छताच्या साखळ्या तशाच लोंबत राहिल्या.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत हे मला पुन्हा दिसायला लागले. एवढ्या वर्षांत मला मारलेली हाक म्हणजे चहा, नाहीतर पाणी, नाहीतर 'माझा चष्मा कुठे'. आता पडवीतून हाक यायची, "अवं, इकडं ये, बघ," आणि मी पिठाचे हात तसेच घेऊन जायचे. चौकटीचा कोपरा असा बसलेला असायचा की मधे नख शिरू नये. पावसाळाभर लाकूड घासलं, कपाशी फुटायला लागली तेव्हा काच घासायला घेतली. काचेवर काच ठेवायची, मधे गॅरेजवाल्याकडून आणलेली घासायची पेस्ट, आणि गोल गोल फिरवत राहायचं. झोपेत कोणी दात खावे तसा तो आवाज. हळूहळू काचेला मोतीबिंदू व्हावा तशी ती पांढरी होत गेली, आणि मला नवल वाटलं की ज्या काचेतून आरपार दिसतं ती कामाची नाही, जी आंधळी केली तीच चित्र धरते.

भिंग धुळ्यात मिळालं. तिथल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकाचा मुलगा बापाचं सामान विकत होता. पितळेच्या नळकांड्यात बसवलेलं, मुठीपेक्षा मोठं भिंग. त्यानं सांगितलेली किंमत यांच्याकडे नव्हती. माझ्याकडे होती. पिको-फॉलचं मशीन घ्यायचं म्हणून ब्लाउज शिवून शिवून जमवलेले पैसे हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात होते, आणि ते तिथे आहेत हे यांना ठाऊक होतं. मागताना यांनी माझ्याकडे बघितलं नाही, डाळीच्या डब्याकडेच बघत बोलले.

"पै न पै फेडीन. अन् पहिला फोटो तुझ्या आईचा काढीन."

फोटोचा विषय मी काढला नव्हता. तो शब्द यांचा. पण त्या दिवसापासून तो माझा झाला.

माझ्या आईचा एकही फोटो नव्हता. म्हणजे आधार कार्डावरचा होता, चोर पकडल्यावर काढतात तसा. आईच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर गोंदण होतं, हिरवट निळ्या ठिपक्यांचं, वय झालं तसं सुरकुत्यांत उतरलेलं. लहानपणी तिच्या मांडीवर झोपून मी ते ठिपके बोटानं मोजायचे आणि मोजता मोजता झोपून जायचे. कार्डावरच्या फोटोत त्यातलं काहीच नव्हतं, नुसता एक काळसर डाग. हे म्हणाले होते, "या कॅमेऱ्यात गोंदणाचा ठिपका न् ठिपका येईल. सुई कुठं टोचली ते दिसेल." मी एवढंच धरून बसले होते. मला दागिना नको होता, मशीनसुद्धा उशिरा आलं तरी चालणार होतं. आई जायच्या आधी तिचे ठिपके कुठेतरी उतरून राहावेत, एवढंच हवं होतं.

भाता मी शिवला. स्कूटरच्या सीटला लावतात ते काळं रेक्झीन आणि आतून छत्रीचं काळं कापड, दोन्ही एकत्र धरून शाळेच्या मुलींच्या स्कर्टला घालतात तशा घड्या पाडल्या आणि प्रत्येक घडी मशीनवर दाबून शिवली. असल्या कॅमेऱ्यांचे भाते चिकटवतात, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात दोन कापडं जोडायची म्हणजे शिवायची. बारीक टाका घातला. इतकी सरळ शिवण मी कोणाच्या लग्नातल्या ब्लाउजलाही घातली नव्हती. यांनी भाता हातात घेऊन लांबवला, मिटवला, पुन्हा लांबवला. काळ्या कापडानं श्वास घेतला आणि सोडला. "वा," हे म्हणाले. यांच्या तोंडून आलेला तो शब्द मी पुष्कळ दिवस पुरवून वापरला.

कॅमेरा उभा राहिला त्या सकाळी यांनी मला काळ्या कापडाखाली बोलावलं. आत सागाचा वास, यांच्या घामाचा वास, आणि समोर दुधी काचेवर आमचं अंगण उलटं टांगलेलं. कडुनिंब खाली डोकं करून लोंबत होता. कमलअक्कांची शेळी आभाळावर पाय ठेवून चालत होती. उन्हाचा रंग बाहेरच्यापेक्षा जास्त खरा वाटत होता. हे माझ्या कानाशी पुटपुटले, "बघ, जग असंच आहे. डोकं त्याला सरळ करते." मी कापडाखाली यांच्या इतकी जवळ कितीतरी वर्षांनी उभी होते. यांचा चेहरा त्या काचेच्या उजेडात उजळलेला, दोन्ही डोळे पूर्ण उघडे. तो चेहरा मी जपून ठेवला आहे, अजूनही, रागातसुद्धा.

आई भरताच्या वांग्यांच्या दिवसांत आली. थंडी पडली होती, घराघरांतून तुरकाट्यांच्या, तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजल्याचा धूर निघत होता, आणि सकाळचं ऊन दुधावरच्या सायीसारखं मऊ झालं होतं. गाठोड्यातून तिनं माझ्यासाठी चारोळ्या आणि जावयासाठी टॉवेल काढला, आणि मग लुगड्याचा पदर सारखा करत कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या पहूरकडची बोली वेगळी. आईची अहिराणी ऐकली की गल्लीतल्या पोरी तोंडात पदर धरून हसायच्या. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बोलण्यात 'आहे'च्या जागी येणाऱ्या 'शे'लाही त्या तशाच हसल्या होत्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं. आईला मात्र कोणी हसलं की आणखी दोन वाक्यं सुचायची.

"जवाई, हाई पेटीमा मी मावसू का?" तिनं विचारलं.

"मावाल, मावाल," हे हसून म्हणाले. "फक्त हालू नका. मी झाकण काढलं का लावेपर्यंत पापणी हालवायची नाही."

"अन् नाकवर माशी बसनी तं?"

"बसू द्या. तिचाबी फोटो येईल."

"मंग तिले सांगा, तिनी बी हालानं नही."

भिंगाला झाकण म्हणून हिंगाच्या मोठ्या डब्याचं झाकण बरोबर बसलं होतं. हे एक्स-रेची फिल्म वापरायचे, ती स्वस्त पडते. लाकडी पाटीत भरून पाटी मागे सरकवली. आई खुर्चीत बसली, हात मांडीवर, नजर भिंगात. यांनी झाकण काढलं. मला आजही ती शांतता आठवते. कडुनिंबाची पानंसुद्धा थांबल्यासारखी वाटली. आईचा चेहरा असा स्थिर की जणू तो आधीच फोटो झाला होता, आणि त्या स्थिरपणात मी तिला पहिल्यांदाच नीट बघितलं, कारण एरवी ती सतत काहीतरी करत असायची आणि काम करणाऱ्या आईकडे कोण बघतं. झाकण परत बसलं. आईनं मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "मराना पहिले एवढी चुप मी कधी बशेल नव्हती."

न्हाणीच्या खिडकीला गोधड्या लावून यांनी तिथे अंधार केला होता, एक लाल बल्ब, तीन प्लॅस्टिकचे ट्रे. मी दाराशी उभी. औषधाच्या पाण्यात फिल्म हलत होती आणि तिच्यावर आधी खुर्चीची पाठ आली, मग लुगड्याचा काठ, मग आईचे केस, आणि मग चेहरा यायच्या ऐवजी एक करडेपणा चढायला लागला, ढगांच्या पुंजक्यांसारखा, सगळीकडून. हे ट्रे हलवत राहिले. थोड्या वेळानं हलवायचं थांबले.

बाहेर येऊन यांनी कॅमेरा खोलीत आणला, दारं लावली आणि भात्याच्या आत बल्ब पेटवला. अंधाऱ्या खोलीत भात्यावर चांदणं पडलं. प्रत्येक घडीला, प्रत्येक टाक्याला, सुईनं केलेलं एक एक भोक, आणि भोकाभोकांतून उजेड. रेक्झीन कापडासारखं मिटत नाही. त्याला एकदा टोचलं की ते टोचलेलंच राहतं. दिसायला ते इतकं सुंदर होतं की क्षणभर मी चूक विसरले.

"तुझी शिवण," हे म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आईनं ती फिल्म मागून घेतली आणि अंगणात आभाळासमोर धरली. फिल्मवर सगळं उलटं उतरतं, पांढरं ते काळं होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचे पांढरे केस फिल्मवर काळेभोर झाले होते आणि चेहरा धुरकट उजळ, गोंदणाचा एकही ठिपका नसलेला. ती खूप वेळ बघत राहिली.

"हाई मी नही," ती म्हणाली. "हाई तं मनी माय शे. चुल्हाना धुरमा बशेल. काया केस लिसनच गई ती."

आजीला मी कधी पाहिलं नव्हतं. आई लहान असताना ती बाळंतपणात गेली, काळे केस घेऊनच. मी आईच्या खांद्यावरून वाकून बघितलं, आणि मलाही ती धुरात बसलेली तरुण बाई दिसली, जिचा चेहरा आता आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. यांनी मात्र फिल्म हातातून घेतली, कागदावर उतरवण्यासारखी नाही म्हणाले, आणि दुकानातल्या वाया गेलेल्यांच्या खोक्यात नेऊन टाकली. आईला बसमध्ये बसवताना म्हणाले, "पुढच्या खेपेला पक्का. भाता दुरुस्त करतो."

दुरुस्ती मीच केली. प्रत्येक शिवणीवर आतून-बाहेरून काळ्या कापडाची पट्टी, वर डिंक आणि काजळीचा लेप. बल्ब लावला तेव्हा भाता ठार काळा. एकही चांदणी नाही. त्यानंतर कॅमेऱ्यानं जे काढलं ते खरोखर पापणीच्या केसापर्यंतचं होतं. पण तो पहिला चांगला फोटो जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा निघाला, दुसरा त्याच्या वडिलांचा. मग आणखी माणसं यायला लागली, गाडीतून उतरणारी, हातात दोन-दोन मोबाइल असलेली, ज्यांचे हजारो फोटो आधीच होते. कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्याचाच मोबाइलमध्ये फोटो काढायचे. यांना 'कलाकार' म्हणायचे. यांची पाठ थोडी सरळ झाली. पडवीतून मला येणारी हाक पुन्हा चहाची झाली, फक्त आता कप जास्त लागायचे. आलेल्या पैशांतून हे माझे थोडे थोडे परत करायचे, महिन्याच्या महिन्याला, न चुकता. त्या बाबतीत हे फार चोख.

मी आठवण दिली, माझ्यापरीनं. माझं आठवण देणं म्हणजे ताट वाढताना, "आईचा निरोप आला होता," एवढंच. आईचे गुडघे धरले होते, तिला आता एवढा प्रवास झेपणारा नव्हता. हे म्हणायचे, कॅमेरा जड आहे, बसमध्ये काच फुटेल, गाडी करावी लागेल, केळीची कापणी होऊ दे, लग्नसराई संपू दे. सगळं खरं होतं. खोटं असतं तर मला भांडता आलं असतं.

उन्हाळ्यात कोणी एक धुळ्याचे गृहस्थ गाडी पाठवून यांना घेऊन गेले, घरातल्या सगळ्या माणसांचे फोटो काढायला. दोन रात्री राहिले तिथे. परत आले तेव्हा खुशीत होते, माझ्यासाठी पेढे आणले होते. मी पेढ्याचा पुडा हातात घेऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं, "धुळ्यापासून शिरपूर किती लांब आहे?"

हे चपला काढत होते. "तासाभराचा रस्ता."

"आणि तिथून आमचं गाव?"

यांनी वर बघितलं नाही. "गाडी त्यांची होती," म्हणाले.

तेवढंच आमचं भांडण. पेढे मी कमलअक्कांच्या नातवंडांना वाटले.

आई भाद्रपदात गेली. ज्वारी कमरेएवढी झाली होती आणि पाऊस उघडीप देत नव्हता. भावानं दहाव्यासाठी फोटो लागेल म्हणून आधार कार्डावरचा फोटो मोबाइलवर पाठवला, तो यांनीच आपल्या मशीनवर मोठा करून दिला. मोठा केल्यावर त्यात होती तेवढी आईही राहिली नाही. जवळून बघितलं तर नुसते करडे ठिपके, मशीनचे. एकही गोंदणाचा नव्हता. पाटावर त्या फोटोला हार घातला तेव्हा बायका रडल्या, आणि मला रडू येईना, कारण मला वाटत राहिलं की ही दुसरी कोणीतरी बाई आहे, पकडून आणलेली, आणि माझी आई अजून कुठेतरी चुलीच्या धुरात बसली आहे.

परत आल्यावर मी यांना म्हणाले, "आईची ती खराब झालेली फिल्म असेल ना दुकानात?"

"असेल खोक्यात," हे म्हणाले. "बघतो."

मग दिवाळीचे ब्लाउज आले. आमच्या धंद्यात दिवाळी म्हणजे मान वर करायला वेळ नसतो. मशीन चालवताना मला ती फिल्म दिसायची. मी ठरवलं होतं, तिला खिडकीच्या काचेला लावायची, उन्हाच्या बाजूला. गोंदण नसलं तरी चालेल. एका चेहऱ्यात दोघी होत्या तिथे, आई आणि तिची आई, आणि त्यांच्यावर पसरलेला तो करडा उजेड माझ्या सुईच्या भोकांतून आत आलेला. एवढं सगळं एका फिल्मवर. चांगल्या फोटोत एवढं मावलं नसतं, असं मला वाटायला लागलं होतं.

पाडव्याला यांना पाटावर बसवलं. वर्षश्राद्ध व्हायचं होतं, गोडधोड केलं नव्हतं. पण नवऱ्याला ओवाळायचं चुकवू नये म्हणतात, म्हणून निरांजन लावलं. यांनी नवा टॉवेल खांद्यावर घेतला होता, आईनं आणलेलाच. ओवाळताना ज्योतीच्या उजेडात यांचा चेहरा उजळला, काळ्या कापडाखाली उजळला होता तसा, आणि यांनी खिशातून नोटांची घडी काढून ताटात ठेवली.

"मोजून घे. आता तुझं माझ्याकडं काही राहिलं नाही. पै न पै झाली."

एकदम एवढे? मी विचारलं, कुठून आले.

"दुकान साफ केलं. जुन्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह, वाया गेलेल्या फिल्मा, सगळा गठ्ठा जळगावचा माणूस घेऊन गेला. दवाखान्यांतले जुने एक्स-रे घेते तो. त्यातून चांदी काढतात. भाव बरा आला."

"तो खोकासुद्धा?"

"कोणता..." हे म्हणाले, आणि मग यांचा तो नेहमी अर्धा मिटलेला डोळा हळूहळू पूर्ण उघडला.

ओवाळणं मधेच थांबवू नये, म्हणून मी ताट आणखी एकदा फिरवलं आणि खाली ठेवलं.

नोटा मी मोजल्या. बरोबर होत्या. पिको-फॉलचं मशीन अजून आणलेलं नाही, पैसे पुन्हा डाळीच्या डब्यात आहेत. कधी जळगावला जाणं झालं आणि सराफ बाजारातून चालले की चांदीच्या दुकानांसमोर माझी पावलं मंद होतात. वाळे, पैंजण, जोडवी, करंडे, सगळं दिव्यांखाली चकाकत असतं, आणि मी कोणत्याही एका वस्तूकडे फार वेळ बघत नाही. घरी कॅमेरा ओसरीत उभा असतो, बंगईच्या साखळ्यांखाली. वारा आला की साखळ्या थोड्या हलतात, पण कुईं कुईं करत नाहीत, कारण त्यांच्यावर वजन नाही. देणं बाकी होतं तोवर या घराकडून माझं काहीतरी यायचं होतं, आणि त्या येणाऱ्याच्या वाटेवर आईही कुठेतरी बसून होती, पापणी न हलवता. आता ते पूर्ण फिटलं आहे, आणि वाट बघण्यासारखं काही उरलं नाही.